देशोदेशीच्या तरुणांच्या मतांची तुलना: नागपुरातल्या प्रकल्प गटांसाठी टप्पेवार मार्गदर्शन

दोन वर्षांपूर्वी एका गटाचा प्रकल्प माझ्याकडे आला. विषय होता हवामान बदलाविषयी भारतीय आणि जर्मन तरुणांची मतं. नागपुरातून १४० जणांनी गुगल फॉर्म भरला होता, जर्मनीतून २३ जणांनी. निष्कर्ष ठळक अक्षरांत छापलेला: ‘दोन्ही देशांतल्या तरुणांच्या मतांत फारसा फरक नाही.’ तोंडी परीक्षेत मी विचारलं, जर्मनीतली ही मुलं मिळाली कुठून? गटातल्या एकीचा मावसभाऊ तिकडे एमएस करतो, त्यानं आपल्या मित्रांच्या ग्रुपवर लिंक टाकली होती. त्या २३ जणांपैकी १९ महाराष्ट्रातून गेलेले निघाले. फरक सापडणार कुठून?

पोरींनी मेहनत खरी केली होती. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि रिसर्च प्रोजेक्ट आल्यापासून दरवर्षी दोन-चार गट हाच विषय घेतात आणि त्याच जागी अडखळतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्या. दोन देशांच्या आकड्यांत फरक दिसतो तेव्हा तो मतांतला असेल किंवा मापातला असेल. वय, प्रश्न, भाषा, विचारण्याची पद्धत आणि वेळ ही पाच मापं जुळली आहेत का, हे आधी पाहायचं. ती जुळेपर्यंत देशाचं नाव निष्कर्षात आणायचं नाही.

तयारी: कोणत्या वाटेनं जाणार

या कामाला तीन वाटा आहेत. पहिली, आधीच झालेल्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणांची माहिती घेऊन दोन-तीन देशांची तुलना करणे. दुसरी, परदेशाची माहिती तयार सर्वेक्षणातून घेणे आणि तोच प्रश्न नागपुरात स्वतः विचारणे. तिसरी, दोन्हीकडे स्वतः सर्वेक्षण करणे.

पदवीच्या गटाला मी दुसरी वाट सुचवते. प्रत्यक्ष लोकांत जाण्याचा अनुभव मिळतो आणि परदेशाची बाजू पक्की राहते. तिसरी वाट धरायची तर तिथल्या एखाद्या महाविद्यालयाची लेखी साथ हवी. मावसभावाच्या भरवशावर ती धरू नका.

दुसऱ्या वाटेची एक अट आहे. तुमचं सर्वेक्षण नागपूरचं असेल, तर तुलना ‘नागपूर आणि केनिया’ अशी होईल. ‘भारत आणि केनिया’ असं मुखपृष्ठावर लिहिता येणार नाही. गट इथेच नाराज होतात, कारण भारत म्हटलं की विषय मोठा वाटतो. पण सीताबर्डी, हिंगणा आणि कामठीत विचारलेल्या प्रश्नांवरून मणिपूरच्या मुलीचं मत सांगता येत नाही.

वेळेचा अंदाज: सगळं मिळून बारा आठवडे. त्यातले सहा पहिला फॉर्म भरून घेण्याआधी जातात, आणि ते जाऊ द्यायचे. बहुतेक गट दुसऱ्याच आठवड्यात लिंक फिरवतात आणि उरलेले दहा आठवडे ती चूक झाकण्यात घालवतात.

टप्पा १: विषय एका वाक्यात बसवा

‘जागतिक प्रश्नांविषयी तरुणांची मतं’ हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही. हवामान, स्थलांतर, युद्ध, बेरोजगारी, कृत्रिम बुद्धिमत्ता यांतला एकच घ्या. देश दोन, फार तर तीन.

मग ‘मत’ म्हणजे नेमकं काय मोजणार ते ठरवा. चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत: माहिती आहे का, चिंता वाटते का, इतर प्रश्नांच्या तुलनेत तो किती महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी काही सोसायची तयारी आहे का. एखाद्या मुलाला उन्हाची चिंता खूप असेल, पण ‘सर्वात मोठा प्रश्न कोणता’ म्हटल्यावर तो नोकरी म्हणेल. दोन्ही उत्तरं खरी आहेत. एका देशातली चिंता आणि दुसऱ्या देशातलं प्राधान्य शेजारी मांडलं, की तुलना तिथेच संपली.

देश निवडताना कारण लिहा. ‘फिलिपिन्स घेतला, कारण तिथे वादळांचा फटका नेहमीचा आहे आणि नागपुरात उष्णतेचा’ हे कारण झालं. ‘अमेरिका घेतली, कारण ती प्रगत आहे’ हे झालं नाही.

तपासा: तुमच्या वाक्यात एक प्रश्न, एक वयोगट, देश किंवा शहरांची नावं आणि चारपैकी एकच मोजमाप आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: ‘तरुण’ म्हणजे किती वर्षांचा

संयुक्त राष्ट्रं १५ ते २४ वर्षं धरतात. भारताच्या २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९ आहे, त्याआधीच्या २००३ च्या धोरणात १३ ते ३५ होतं. आफ्रिकी युवा सनदेत १५ ते ३५. लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये भारतीय तरुणांचा अभ्यास केला तो १५ ते ३४ वयाचा. म्हणजे एका अहवालातला ‘तरुण’ अजून दहावीच्या वर्गात आहे आणि दुसऱ्यातल्याला दोन मुलं आहेत.

माझा सल्ला १८ ते २४ किंवा १८ ते २९ घेण्याचा. बरीच मोठी सर्वेक्षणं १८ पासून सुरू होतात, त्यामुळे खालची मर्यादा आपोआप जुळते. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ खालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना घ्यायचं असेल, तर पालकांच्या सहीचा कागद आधी तयार ठेवा.

फॉर्ममध्ये वयाचे गट देऊ नका, पूर्ण झालेलं वय आकड्यात लिहून घ्या. ‘१८–२५’ असा गट एकदा भरून घेतला, की परदेशाच्या १८–२४ शी तो नंतर जुळवता येत नाही. ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे की फॉर्म हातात आला की मी वयाचाच रकाना आधी बघते.

टप्पा ३: तयार सर्वेक्षण निवडा आणि त्याची पद्धत वाचा

वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे हे अनेक देशांत लोकांची मूल्यं आणि मतं विचारणारं सर्वेक्षण आहे, त्याची माहिती शैक्षणिक कामासाठी मोफत उतरवून घेता येते. प्यू रिसर्च सेंटरची खातं उघडून मिळते. आफ्रिकेसाठी अफ्रोबॅरोमीटर, युरोपसाठी युरोबॅरोमीटर आणि युरोपियन सोशल सर्व्हे आहेत. वर्तमानपत्रातल्या बातमीवरून आकडा उचलू नका. मूळ प्रश्न कसा विचारला होता, ते बातमीत नसतं.

अहवाल उघडल्यावर निष्कर्षांकडे न जाता पद्धतीचं पान वाचा. का, ते संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या हवामानविषयक जनमत पाहणीवरून कळेल. २०२१ ची पाहणी ५० देशांत झाली, १२ लाख लोकांनी भाग घेतला आणि त्यातले ५ लाखांहून जास्त १८ वर्षांखालचे होते. हे लोक मिळाले मोबाइलवरच्या खेळांतल्या जाहिरातींतून. २०२४ ची त्याच नावाची पाहणी ७७ देशांत, सुमारे ७३,००० लोकांशी फोनवर बोलून झाली. नाव एक, संस्था एक. पण मोबाइलवर खेळणारा मुलगा आणि यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या निवडलेल्या, क्रमांकावरून उचलला गेलेला फोन हे दोन वेगळे नमुने आहेत. दोन्हींतले आकडे शेजारी ठेवून ‘तीन वर्षांत तरुण बदलले’ असं लिहिलेला प्रकल्प मी वाचला आहे.

दुसरं उदाहरण. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये २०२१ साली आलेला अभ्यास १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांचा होता. भारतासह प्रत्येक देशातून १,०००. त्यांतल्या ५९ टक्क्यांनी हवामान बदलाची खूप किंवा अतिशय चिंता वाटते असं सांगितलं. अभ्यास मोलाचा आहे, पण तो ऑनलाइन झाला. फिनलंडमध्ये ऑनलाइन म्हणजे जवळपास सगळे तरुण. आपल्याकडे मात्र रामटेक किंवा भिवापूर तालुक्यातली, घरातला एकच फोन भावाच्या हातात असलेली मुलगी त्यातून गळते. देशातले जे तरुण मोजले गेले, त्यांच्यापुरताच तो आकडा बोलतो.

तिसरी गोष्ट तारखांची. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेची सातवी फेरी २०१७ ते २०२२ अशी चालली. जर्मनीची माहिती २०१७-१८ ची आहे, केनियाची २०२१ ची. मधे काय काय झालं? ऑगस्ट २०१८ मध्ये ग्रेटा थुनबर्गने स्वीडनच्या संसदेबाहेर बसायला सुरुवात केली आणि युरोपातली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. २०२० मध्ये कोविड आला. फेरी एकच आहे म्हणून वेळही एकच आहे, असं समजू नका.

आणखी एक आकडेमोड आत्ताच करा. या सर्वेक्षणात बहुतेक देशांतून किमान १,२०० लोक असतात, पण ते सगळ्या वयांचे. तुम्हाला हवे ते १८ ते २९ वयाचे कदाचित ३००. शंभर-सव्वाशे निघाले तर तो देश सोडा.

तपासा: वहीत प्रत्येक देशासाठी पाच ओळी लिहा. वय, प्रश्नाचे मूळ शब्द, कोणत्या भाषेत विचारला, कसा विचारला (समोर बसून, फोनवर, ऑनलाइन), कोणत्या महिन्यात. एक ओळ जरी रिकामी राहिली, तरी तो देश अजून तुलनेत आलेला नाही.

टप्पा ४: प्रश्नाचं भाषांतर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रकल्प इथेच घडतो.

‘क्लायमेट चेंज’साठी आपण हवामान बदल म्हणतो. पण मराठीत ‘हवामान’ हा शब्द रोजच्या पावसापाण्यालाही आहे आणि तीस-चाळीस वर्षांच्या सरासरीलाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका मुलाला आमच्या गटानं विचारलं, हवामान बदलतंय असं वाटतं का? तो म्हणाला, “हवामान तं रोजच बदलते ना ताई. सकाळी ऊन, दुपारी पाणी येऊन राहिला.” फॉर्मवर ‘हो, नक्कीच’ अशी खूण झाली. त्याच वस्तीत हिंदी फॉर्म भरणाऱ्याला ‘जलवायु परिवर्तन’ असं विचारलं होतं. हिंदीत ‘मौसम’ वेगळा आणि ‘जलवायु’ वेगळी, त्यामुळे काहींना प्रश्न नेमका कळला आणि काहींनी तो शब्दच ऐकलेला नव्हता. एका गल्लीत दोन प्रश्न विचारले गेले होते. नागपुरात अर्धे फॉर्म हिंदीत भरले जातात, तेव्हा हा धोका कायम आहे.

आम्ही मग प्रश्नाआधी एक वाक्य घातलं: ‘गेल्या अनेक वर्षांत जगभर उष्णता वाढत चालली आहे आणि पावसाची पद्धत बदलते आहे, त्याला हवामान बदल म्हणतात.’ मूळ सर्वेक्षणात असं स्पष्टीकरण आहे का ते आधी पाहा. तिथे नसेल आणि तुम्ही घातलं, तर ते अहवालात नोंदवा.

‘काळजी’ हा असाच शब्द. ‘पर्यावरणाची काळजी करता का’ यात चिंता आहे, ‘काळजी घेता का’ यात कृती आहे. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. मी सरळ ‘चिंता वाटते का’ लिहिते.

‘स्थलांतर’ म्हटलं की आपल्या मुलांसमोर पुण्याला नोकरीसाठी गेलेला भाऊ किंवा कापूस वेचायला आलेले मजूर उभे राहतात. जर्मन तरुणासमोर सीरियातून आलेलं कुटुंब. देशाबाहेरून येणारे लोक विचारायचे असतील, तर ‘दुसऱ्या देशातून येऊन इथे राहणारे लोक’ असं पूर्ण लिहा. ‘सरकार’ म्हणताना केंद्र, राज्य की महानगरपालिका, तेही लिहा.

भाषांतराचा क्रम असा ठेवा:

१. दोन जणांनी एकमेकांचं न बघता मूळ प्रश्नाचं भाषांतर करायचं. एक भाषेचा विद्यार्थी असावा, दुसरा नसावा.
२. तिसऱ्यानं दोन्ही समोर ठेवून वाचायचं आणि कुठे फाटे फुटतात ते दाखवायचं.
३. मार्गदर्शकानं एक रूप पक्कं करायचं. बहुमतानं ठरवू नका.
४. ज्यांना प्रकल्पाची काही माहिती नाही अशा आठ-दहा तरुणांना प्रश्न वाचायला द्यायचा आणि म्हणायचं, “यात तुला काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग.” उत्तर मागायचं नाही.
५. काय बदललं आणि का, ते तारखेसह लिहून ठेवायचं.

हिंदी फॉर्मसाठी हाच क्रम पुन्हा. मराठीवरून हिंदी करू नका, मूळ प्रश्नावरूनच करा. यंत्राकडून भाषांतर घेतलंच, तर ते पहिल्या पायरीतल्या दोनपैकी एक धरा, अंतिम कधीच नाही.

सावधान: पर्यायांची संख्या बदलू नका. तिकडे चार पर्याय आणि तुमच्याकडे पाच असतील, मधे ‘तटस्थ’ घुसला असेल, तर टक्केवारी जुळणार नाही. ‘माहीत नाही’ हा पर्याय तिकडे वाचून दाखवला होता की फक्त नोंदवला होता, हेही पाहा आणि तसंच करा.

शब्द जुळले तरी प्रश्नाचं ओझं सगळीकडे सारखं नसतं. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेत एक प्रश्न आहे: वाढ थोडी मंदावली, काही नोकऱ्या गेल्या तरी पर्यावरण जपावं, की पर्यावरणाचं काही नुकसान झालं तरी वाढ आणि नोकऱ्यांना आधी जागा द्यावी? धरमपेठेतली मुलगी पहिला पर्याय पटकन निवडते. औष्णिक वीज केंद्रांजवळच्या कोराडी किंवा खापरखेड्याच्या मुलासाठी हा प्रश्न वडिलांच्या पगाराचा आहे, आणि अंगणात पडणाऱ्या राखेचाही. तो बराच वेळ गप्प बसतो. अशा वेळी फॉर्मच्या कडेला ‘विचार करून उत्तर’ एवढं लिहा. नंतर आकडे वाचताना त्याची मदत होते.

टप्पा ५: नागपुरात कुणाला विचारणार

फक्त आपल्या महाविद्यालयाच्या ग्रुपवर लिंक टाकली, की जी मुलं आधीच जागरूक आहेत तीच फॉर्म भरतात. तिकडे जर्मनीत सुतारकाम शिकणारा, दुकानात काम करणारा, शिकणारा असे सगळे तरुण मोजले आहेत. तुमच्याकडे नुसते पदवीचे विद्यार्थी असले, तर तुलना शिक्षणाची होईल.

कोटा, म्हणजे कोणत्या प्रकारचे किती जण घ्यायचे ते, ठरवा. मुलं-मुली निम्मे. शिकणारे, काम करणारे आणि दोन्ही न करणारे असे तीन भाग. जागा किमान चार: एक महाविद्यालयीन भाग, इतवारीसारखी बाजारपेठ, बुटीबोरी किंवा हिंगण्याची औद्योगिक वसाहत, आणि उमरेड किंवा कळमेश्वर तालुक्यातलं एखादं गाव. मराठी-हिंदी वाटा आधी ठरवू नका, माणूस म्हणेल ती भाषा.

किती जण? यादृच्छिक नमुन्यात १०० जणांवर साधारण १० टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकतं, ४०० वर ५, १,००० वर ३. दोन नमुन्यांतला फरक बघायचा तर मर्यादा आणखी सैल होते. नागपूरचे २०० आणि परदेशाचे ३०० असतील, तर ९ टक्क्यांहून कमी फरकावर काहीच बोलू नका. तुमचा नमुना कोट्याचा असल्यामुळे खरी अनिश्चितता याहून जास्त धरा. २०० हा मी खालचा आकडा मानते.

मुलींपर्यंत पोचणं अवघड जातं. घरी गेलं की आई किंवा काकू शेजारी बसतात आणि प्रेमानं उत्तरंही देतात. गटातल्या मुलींनी जोडीनं जावं, आधी घरच्यांशी पाच मिनिटं बोलावं, प्राचार्यांच्या सहीचं पत्र दाखवावं, आणि मग “काकू, फक्त हिचंच मत लिहायचंय, तुमचं नंतर घेते” असं सांगून फॉर्म मुलीच्या हातात द्यावा. तिला वाचून दाखवू नये, स्वतः खुणा करू द्याव्या.

टप्पा ६: कधी आणि कसं विचारणार

मे महिन्यात नागपूर पंचेचाळीस अंशांच्या वर तापलेलं असताना ‘उष्णतेची चिंता वाटते का’ विचारलं, तर उत्तर ऊनच देतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, त्यानंतरच्या आठवड्यात हवामानाचा कोणताही प्रश्न वेगळा ऐकू आला असता. परदेशाची माहिती कोणत्या ऋतूत घेतली ते पद्धतीच्या पानावर मिळतं. ब्राझीलच्या मोठ्या भागात आपला मे म्हणजे थंडीकडे जाणारा काळ. शक्य तर नोव्हेंबर ते जानेवारी निवडा, निवडणूक किंवा परीक्षा चालू असेल तर थांबा. नाही जमलं, तर त्या पंधरवड्यात शहरात आणि त्या देशात काय घडत होतं याची एक यादी जोडा.

पद्धत मूळ सर्वेक्षणासारखीच ठेवा. तिकडे समोर बसून विचारलं असेल, तर तुम्हीही बसा. समोर ताई-दादा असले की माणूस चांगलं दिसेल असं उत्तर देतो, एकट्यानं मोबाइलवर भरताना तेवढं दडपण नसतं. अर्धे फॉर्म समोर बसून आणि अर्धे लिंकवरून असं मिश्रण मुळीच करू नका.

वेळ पंधरा मिनिटांच्या आत. कामगारांकडे जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, त्यांना तेवढीच उसंत असते. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर थांबा.

तपासा: रोज संध्याकाळी दिवसभराचे फॉर्म बघा. सलग सगळ्या प्रश्नांना एकच खूण असलेले फॉर्म वेगळे काढा. दोन वाक्यं परस्परविरुद्ध असून दोन्हींना ‘पूर्ण सहमत’ आलं असेल, तर तो फॉर्म कुणी, कुठे भरून घेतला ते त्याच दिवशी विचारा. आठवड्यानंतर कुणाला आठवत नाही.

टप्पा ७: आकडे कोणत्या क्रमानं वाचायचे

इथे घाई फार होते. दोन देशांचे स्तंभ काढले, रंग भरले, झालं. असं करू नका. क्रम असा:

१. परदेशाच्या फाइलमधून फक्त तुमचा वयोगट काढा. भारांकनाचा स्तंभ असतो (नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांना त्यांच्या खऱ्या प्रमाणात आणणारे आकडे), तो वापरा. त्याशिवाय काढलेली टक्केवारी संस्थेनं छापलेल्या आकड्याशी जुळणार नाही. आधी सगळ्या वयांचा छापील आकडा स्वतः काढून जुळवून पाहा, मगच पुढे.

२. ‘माहीत नाही’ ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे टक्केवारी काढा. समजा नागपुरात शंभरातले ४५ हो म्हणाले, २५ नाही आणि ३० माहीत नाही. तिकडे ५७ हो, ३८ नाही, ५ माहीत नाही. सगळे धरले तर तिकडचे १२ नं पुढे. ‘माहीत नाही’ वगळले तर नागपूर ६४ आणि ते ६०. निकाल उलटा झाला. हे तीस जण कोण, याचं उत्तर शोधणं हाच कधीकधी प्रकल्पाचा खरा भाग ठरतो.

३. आधी प्रत्येक देशाच्या आत बघा. तिथले तरुण आणि तिथलीच चाळिशीपुढची माणसं यांच्यात किती अंतर आहे? युनिसेफ आणि गॅलपने २०२१ मध्ये २१ देशांत हेच केलं: १५ ते २४ वयाचे आणि ४० च्या पुढचे, दोघांनाही तेच प्रश्न. जग सुधारतं आहे असं मानण्याची शक्यता तरुणांत मोठ्यांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. मोठ्यांची बाजू नसती, तर तो आशावाद वयाचा की देशाचा हे कळलंच नसतं. म्हणून नागपुरात ५०-६० मोठ्या माणसांचेही फॉर्म भरून घ्या. मघाशी शेजारी बसलेल्या काकूंचं मत इथे कामाला येतं.

४. आता देशांमधली तुलना. काही समाजांत टोकाचा पर्याय सहज निवडला जातो, काहींत मधला. पूर्व आशियात मधल्या पर्यायांकडे आणि लॅटिन अमेरिकेत टोकाच्या पर्यायांकडे कल असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे जपानमधली ‘थोडी चिंता’ आणि ब्राझीलमधली ‘अतिशय चिंता’ यांत मनातलं अंतर कागदावरच्या अंतरापेक्षा लहान असू शकतं. सोपा उपाय: पाच-सहा प्रश्नांची त्या-त्या देशातली क्रमवारी लावा. बेरोजगारी, उष्णता, युद्ध, महागाई यांत हवामान कितव्या जागी आहे, हे नागपुरात बघा आणि तिकडे बघा. क्रमवारीवर उत्तर देण्याच्या सवयीचा परिणाम कमी होतो.

सावधान: कारण सांगायची घाई करू नका. ‘गरीब देशांतले तरुण जास्त चिंतित, कारण त्यांना झळ जास्त बसते’ हे पटण्यासारखं आहे, पण तुमच्या फॉर्ममध्ये झळ मोजली आहे का? नसेल तर ते तुमचं अनुमान आहे, तसंच लिहा. पुढच्या गटाला झळीचा एक प्रश्न घालायला सांगा: गेल्या वर्षी उन्हामुळे किंवा पुरामुळे तुमचा कामाचा किंवा कॉलेजचा दिवस बुडाला का?

टप्पा ८: लिहिणं

वाक्यात वय, ठिकाण, वर्ष आणि ‘म्हणाले’ हा शब्द असू द्या. ‘भारतीय तरुण जागरूक आहेत’ ऐवजी ‘२०२५ च्या डिसेंबरात नागपुरात आम्ही विचारलेल्या १८ ते २४ वयाच्या २१० जणांपैकी इतके जण खूप चिंता वाटते असं म्हणाले.’ लांब होतं, होऊ द्या.

देशांना पहिला-दुसरा क्रमांक देऊ नका. चिंता जास्त म्हणजे देश चांगला, असा अर्थ त्यातून निघतो आणि तो चुकीचा आहे. फरक ९ टक्क्यांच्या आत असेल, तर ‘फरक सांगता येत नाही’ असं स्पष्ट लिहा. त्यासाठी गुण कापणारा परीक्षक भेटलाच, तर ज्या हिशेबानं तो आकडा काढला तो पुढे ठेवा.

परिशिष्टात मराठी, हिंदी आणि मूळ भाषेतला प्रश्न शेजारी-शेजारी छापा. भाषांतराची वहीही जोडा. नाव आणि फोन क्रमांक असलेली पानं मात्र वेगळी काढून मार्गदर्शकाकडे द्या.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी एक चाचणी घ्या. प्रकल्पात नसलेल्या मित्राला फक्त तक्ते द्या, मजकूर देऊ नका. कोण, कुठले, किती जण, केव्हा, काय विचारलं, हे त्याला तक्त्यांवरूनच सांगता आलं पाहिजे. कुठे अडखळला, त्या तक्त्याचं शीर्षक बदला.

मूळ फॉर्म, फाइल आणि पाच ओळींची वही विभागात जमा करा. पुढच्या वर्षीच्या गटानं त्याच महिन्यात, त्याच चार जागी, तोच प्रश्न विचारला तर त्यांच्या हातात नागपूरची दोन वर्षं असतील. जर्मनीच्या प्रकल्पातल्या त्या पोरींनी त्यांचे १४० फॉर्म असेच ठेवून दिले होते. शीर्षकातून जर्मनी काढून त्यांनी ‘नागपुरातले आणि परदेशी शिकायला गेलेले मराठी तरुण’ असा विषय नव्यानं मांडला आणि त्या १९ जणांना पुन्हा फोन केले, या वेळी प्रत्येकाला पूर्ण झालेलं वय विचारून.